घराच्या कामाला भरवशाची माणसं हवीत? दोन पावसाळे झालेलं काम बघा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की कोथरूडला बावीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके रीसेलमध्ये घेतलाय, दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा, सगळ्या घराची फरशी, वायरिंग, रंग, असं सगळंच काढायचंय, तिघांकडून कोटेशन घेतलं तर एकाने साडेसहा लाख सांगितले, दुसऱ्याने नऊ, तिसऱ्याने अकरा, आणि आता कळत नाहीये की यातला खरा कोण आणि भरवसा ठेवायचा कोणावर. मी चोवीस वर्षं पुण्यात हीच कामं करतोय, आधी दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर होतो, आता स्वतःची कामं घेतो, वडील गवंडी होते. म्हणजे काम करून घेणारा कसा फसतो हेही बघितलंय आणि काम करणाऱ्याचे पैसे कसे बुडतात हेही घरात बघितलंय. उत्तर लांबलंय, पण सगळं वाचा, कारण यातली एखादी गोष्ट जरी सुटली तरी लाखभर रुपये सहज जातात आणि मनस्ताप होतो तो वेगळाच.

आधी त्या तीन कोटेशनचं बोलू. तिघांपैकी कोणी खोटं बोलतंय असं लगेच धरून चालू नका. माझा अंदाज असा की तिघांनी तीन वेगळ्या कामांचा भाव सांगितलाय. साडेसहावाल्याने बहुतेक जुन्या फरशीवरच नवीन फरशी चिकटवायची धरलीय, बाथरूममध्ये फक्त वरच्या टाइल्स काढून नवीन लावायच्या, आतले जुने पाइप तसेच ठेवायचे, आणि राडारोडा कोण उचलणार ते लिहिलेलंच नसणार. अकरावाल्याने सगळं स्लॅबपर्यंत तोडून नवीन पाइप, नवीन वॉटरप्रूफिंग, पूर्ण वायरिंग असं धरलं असेल, नाहीतर मग नुसताच भाव चढा लावला असेल, ते कोटेशनचा कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तर तुम्ही काय करा, स्वतः एक यादी बनवा. खोलीप्रमाणे लिहा, बाथरूम १ मध्ये काय काय, बाथरूम २ मध्ये काय, किचन, हॉल, बेडरूम, बाल्कनी. प्रत्येक ठिकाणी तोडायचं काय, नवीन बसवायचं काय, कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या साइजचं, माल कोण आणणार, राडारोडा कोण हलवणार, दारं-खिडक्यांचं काय. ही एकच यादी तिघांनाही द्या आणि त्याच क्रमाने भाव लिहून मागा. बघा, साडेसहाचे आठ होतील आणि अकराचे साडेनऊ होतील, आणि एखादा असा निघेल की यादी बघूनच फोन उचलायचा बंद होईल. तो तिथेच कटाप झाला, तुमचा त्रास वाचला.

भावाच्या समोर माप कसं घेणार तेही लिहून घ्या. माझ्या बघण्यात जेवढी भांडणं झालीत त्यातली निम्मी तरी मापावरून झालीत, रेट ठरलेला असतो पण कशाचा रेट ते कोणी बोललेलंच नसतं. रंगारी चौरस फुटावर रंग घेतो, पण दारं-खिडक्यांची जागा वजा करणार का नाही? फरशीवाला स्कर्टिंग रनिंग फुटावर धरणार का चौरस फुटात मिळवणार? पीओपीवाला सीलिंगच्या खाली उतरलेल्या पट्ट्यांचं माप वेगळं लावतो. सुतार वॉर्डरोबचं माप समोरून घेतो, म्हणजे सात फूट उंच आणि सहा फूट रुंद असेल तर ४२ चौरस फूट, ठीक, पण वरचा लॉफ्ट त्यात आहे का वेगळा, आतले ड्रॉवर त्यात धरलेत का, आतून लॅमिनेट का नुसता रंग, हँडल-बिजागऱ्या कोणाच्या? हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी विचारलं तर दहा मिनिटांचं बोलणं आहे आणि नंतर विचारलं तर भांडण. आणि शेवटचं माप दोघांनी मिळून टेप धरून घ्यायचं, एका वहीत लिहायचं, दोघांनी सही करायची. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आता माणसं शोधायची कुठे. मला विचाराल तर पहिलं ठिकाण तुमचीच बिल्डिंग. तुमच्या सोसायटीत गेल्या चार-पाच वर्षांत कोणाकोणाच्या घरी काम झालं ते वॉचमनला आणि सेक्रेटरीला माहीत असतं. तुमच्यासारखाच फ्लॅट, तेच डक्ट, तीच बाथरूमची जागा, त्या माणसाने एकदा तिथे हात घातलेला असला की त्याला तुमच्या बिल्डिंगचे सगळे रोग आधीच माहीत असतात. सोसायटीचा नेहमीचा प्लंबर असेल तर त्याला मुद्दाम भेटा, भले काम त्याला देऊ नका, पण कुठल्या लाइनला गळती आहे, वरच्या मजल्याचा पाइप तुमच्या कुठल्या भिंतीतून जातो, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. दुसरं ठिकाण म्हणजे जुनं हार्डवेअरचं दुकान. दुकानदाराला कुठला मिस्त्री उधारी वेळेवर देतो आणि कोण दुकान बदलत फिरतो हे पक्कं ठाऊक असतं. फक्त एक लक्षात ठेवा, दुकानदार आणि मिस्त्री यांच्यात कमिशन असतं, रंगाच्या डब्यात तर रंगाऱ्यासाठी टोकन येतंच, त्यावरून डोकं तापवून घेऊ नका, ही धंद्याची रीत आहे, पण माल कुठला घ्यायचा ते मात्र त्या दोघांवर सोडू नका. मजूर अड्ड्यावरून माणूस आणायचा तर तो तोडफोडीला, माल वर चढवायला, राडारोडा भरायला. तिथे उत्तम कारागीरही उभे असतात, पण कोण कसा हे सकाळी आठ वाजता रस्त्यावर पाच मिनिटांत कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोणीही माणूस त्याचं काम दाखवायला नेईल तेव्हा तो तुम्हाला नुकतंच संपलेलं घर दाखवेल, चकचकीत, रंगाचा वास पण गेलेला नसतो. ते बघा, पण त्यावरून ठरवू नका. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. त्याला म्हणा, दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम दाखव. दोन पावसाळे गेले की खरं काय ते भिंत स्वतःच सांगते. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला खालून पोपडे आलेत का, खिडकीखाली ओल आहे का, किचनच्या सिंकखालचं प्लाय फुगलंय का, दरवाजे घासतात का, फरशीवर एखादं नाणं ठोकलं तर पोकळ आवाज येतो का. जमलंच तर त्या बाथरूमच्या खालच्या घरातलं सीलिंग बघा, तिथे डाग नसेल तर तो माणूस अर्धा पास झाला.

त्या घरमालकाला विचारायचं काय हेही सांगतो, कारण लोक विचारतात “काम कसं झालं” आणि समोरचा म्हणतो “छान झालं”, संपलं. असं विचारू नका. विचारा की ठरले किती होते आणि शेवटी दिले किती. विचारा की काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन केला तर आला का, किती दिवसांनी आला. विचारा की कधी वाजलं का तुमच्यात, आणि वाजल्यावर त्याने काय केलं. दोन महिने चाललेल्या कामात कधीच वाजलं नाही असं होत नाही, पण चूक झाल्यावर टाइल उखडून परत लावणारा माणूस आणि “चलता है” म्हणणारा माणूस यात तुमच्या पुढच्या वीस वर्षांचा फरक आहे.

पहिल्या भेटीत पण बरंच कळतं. तो येताना टेप घेऊन येतो का? लिफ्ट किती मोठी आहे, पाणी किती वाजता येतं, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, खाली कोण राहतं, त्यांच्याकडे गळती आहे का, असे प्रश्न तो स्वतः विचारतो का? जो घरात एक चक्कर मारून, खिशातला हात न काढता “होऊन जाईल सगळं, टेन्शन घेऊ नका” म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. आणि जो तुम्हाला एखाद्या गोष्टीला नाही म्हणतो त्याला जपून ठेवा. हॉल मोठा करायला ही भिंत काढू या असं तुम्ही म्हणालात आणि तो म्हणाला की थांबा, आधी हिच्यावर बीम आहे का आणि स्ट्रक्चरवाले काय म्हणतात ते बघू, तर तो माणूस तुमचे पैसे घेण्याआधी तुमच्या बिल्डिंगचा विचार करतोय. तुमची बिल्डिंग जुनी, विटांच्या भिंतींची असणार, पण नवीन टॉवरमध्ये घर घेतलेल्यांनी हे नीट वाचा, तिथे मायवान पद्धतीच्या भिंती असतात, म्हणजे भिंतीच काँक्रीटच्या आणि बिल्डिंगचा भार त्यांच्यावर. तिथे भिंत काढणं तर सोडाच, वायरिंगसाठी झिरी मारायची तरी विचारून मारायची. त्याला हे माहीत नसेल तर काम देऊ नका.

कारागीर ओळखायची माझी एक आठवण सांगतो. माझ्याकडे पूर्वी राजस्थानचे एक फरशीवाले काका होते. नवीन खोलीत गेले की पहिला तासभर एकही फरशी लावायचे नाहीत. बिगारी कालवलेला माल घेऊन ताटकळत उभा, आणि हे दोरी घेऊन खोली मापत बसलेले. एका भिंतीला तीन फुटांवर खूण, दुसरीला चार फुटांवर, मधलं अंतर पाच फूट आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही आलं तर खोली तिरकी. एका घरात खोली दीड इंच तिरकी निघाली. त्यांनी दारातून आत आल्यावर नजर कुठे जाते ते बघितलं, तिथून पूर्ण फरशी सुरू केली आणि सगळे तिरके कट पलंगाखाली जाणाऱ्या भिंतीला सरकवले. घरमालकाला आजपर्यंत माहीत नाही की त्याची खोली तिरकी आहे. असा माणूस मिळाला तर रेट दोन रुपये जास्त असला तरी द्या, घासाघीस करू नका.

काम द्यायचं कसं, तर तीन पद्धती आहेत. एक म्हणजे उक्तं, मटेरियलसकट सगळं त्याच्या अंगावर. दुसरी लेबर रेट, माल तुमचा आणि मजुरी मापावर. तिसरी हजेरी, दिवसाचा रोज. हजेरीवर मोठं काम कधीच देऊ नका, ते किरकोळ दुरुस्तीला ठीक, नाहीतर चार दिवसांचं काम नऊ दिवस चालतं आणि त्यात त्या माणसाचा दोष असतोच असं नाही, कोणी ठरवून दिलेलंच नसतं. तुम्ही दोघं नोकरी करताय, रोज साइटवर जाऊ शकत नाही, त्यामुळे मी सांगेन की सिव्हिल, प्लंबिंग, फरशी हे एकाच ठेकेदाराला द्या. प्लंबर वेगळा आणि फरशीवाला वेगळा घेतला की उद्या गळलं तर तो म्हणणार याने पाइपवर हातोडी मारली, हा म्हणणार त्याचा जॉइंटच कच्चा होता, आणि तुम्ही मध्ये उभ्या. सुतार आणि रंगारी वेगळे घेतले तरी चालतात.

पण उक्तं दिलं तरी भिंतीत आणि फरशीखाली जाणारा माल तुम्ही ठरवा, जमलं तर स्वतः विकत घ्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, चांगल्या कंपनीचा. तुमची बिल्डिंग बावीस वर्षांची म्हणजे आत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असायची दाट शक्यता आहे, ते आतून गंजून निम्मे बंद झालेले असतात, नवीन टाइल लावताना ते तसेच ठेवणं म्हणजे दोन-तीन वर्षांनी तीच टाइल फोडणं. वायर लाइट-पंख्याला दीड एमएम, प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार, आणि बोर्डात एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच, घरात लहान मुलं आहेत म्हणालात ना. इलेक्ट्रिकवाल्याकडे वायरमनचं परमिट आहे का विचारा, आणि तो ज्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली करतो त्याचं लायसन्स. एसी वाढवून महावितरणकडे लोड वाढवायचा तर टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्याचाच लागतो. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत पाठवा. प्लाय ओल्या जागेला, म्हणजे किचनला आणि बाथरूमच्या दाराजवळ, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, बाकी कपाटांना आयएस ३०३ चालतं. शिक्के खोटेही मारतात, म्हणून ७१० च्या प्लायचा एक तुकडा कापून तीन-चार तास उकळत्या पाण्यात ठेवा, थर सुटले तर पूर्ण माल परत. फरशीचा हिशोब सोपा आहे, दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, कटिंग-फुटीचे दहा टक्के धरून १३२, दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स साधारण साडेपंधरा फुटांचा येतो म्हणजे नऊ बॉक्स. सगळे एकाच बॅचचे घ्या आणि एक बॉक्स जास्तीचा माळ्यावर टाकून ठेवा, पाच वर्षांनी ती शेड बाजारात मिळणार नाही.

आता खरं म्हणजे ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. माणूस कितीही भरवशाचा असला तरी जे काम झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी बघायचं. टाइल बसली की चांगलं काम आणि वाईट काम वरून सारखंच दिसतं. तुम्हाला रोज जायला जमत नाही ना, मग निदान तीन दिवस सुट्टी काढा, बाकी दिवस नाही गेलात तरी चालेल.

पहिला दिवस, पाइप टाकून झाल्यावर आणि गिलावा व्हायच्या आधी. प्लंबरला सांगा, हातपंपाने लाइनला प्रेशर भर आणि काटा दाखव. मी रात्रभर ठेवतो, सकाळी काटा जागेवर पाहिजे. त्याच दिवशी सगळ्या भिंतींचे फोटो काढा, पाइप आणि वायर जिथून गेलेत तिथे टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते फोटोत दिसेल असे. उद्या टॉवेलचा दांडा लावायला कोणीतरी ड्रिल मारेल तेव्हा हे फोटो उपयोगी पडतील.

दुसरा दिवस बाथरूमच्या पाण्याच्या टेस्टचा, आणि याच्यावर जरा थांबतो. जुनी फरशी, खालचा कोबा, भर, सगळं स्लॅबपर्यंत काढायचं, स्लॅब घासून स्वच्छ करायचा, भेगा आणि पाइपभोवतीच्या जागा भरायच्या, कोपरे गोलाईत भरून घ्यायचे, मग वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. ते वाळलं की नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून तीन-चार इंच पाणी भरायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही. सिंहगड रोडच्या एका घरात तिसऱ्या मजल्यावर आमची अशी टेस्ट चालू होती. पाणी भरल्यावर मी भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण केली, तारीख आणि वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर पाणी खुणेच्या दोन बोटं खाली. माझाच माणूस, पंधरा वर्षांचा अनुभव, तो म्हणाला साहेब, गरमी आहे, आटलं असेल. बंद बाथरूममध्ये दिवसभरात दोन बोटं पाणी आटत नाही. खालच्या घरातल्या आजींनी दार उघडलं, वर टॉर्च मारला तर सीलिंग अजून कोरडं होतं, पाणी आमच्या स्लॅबमध्येच मुरत होतं. सगळं पाणी काढलं, पुसलं, आणि ट्रॅपच्या मानेभोवती केसाएवढी चीर सापडली, ओली, काळी पडलेली. ती खोदली, परत भरली, परत केमिकल, परत ४८ तास. चार दिवस गेले आणि घरमालक चिडले होते. पण त्या आजींचं सीलिंग आज नऊ वर्षांनी पण कोरडं आहे. ती खूण केली नसती तर वर टाइल बसली असती आणि पहिल्या वर्षातच आजी तक्रार घेऊन वर आल्या असत्या. भर आणि कोबा झाल्यावर टाइलच्या आधी हीच टेस्ट मी परत एकदा घेतो. जो ठेकेदार म्हणतो की टेस्टची गरज नाही, आमचं काम आहे, त्याला सांगा की तुमच्या कामावर भरवसा आहे म्हणूनच पाणी भरून बघू या.

तिसरा दिवस फरशी बसल्यावर, दर्जा, म्हणजे टाइल्समधल्या फटी, भरायच्या आधी. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ढाळ बघा, पाणी आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे, दारात थांबलं तर ढाळ उलटा. आणि एकेक टाइल ठोकून बघा.

पैशाचं. मागे एकदा माझी फार मोठी चूक झाली होती. एका सुताराला, ओळखीचा होता म्हणून, वॉर्डरोबच्या कामाची सत्तर टक्के रक्कम उचल दिली, होळी तोंडावर होती, तो गावी गेला आणि परत आला नाही. घरमालकाचा यात काय दोष, ते काम मी पदरचे पैसे घालून दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतलं, आणि त्या वर्षी आमच्या घरात त्याची झळ बसली. तेव्हापासून नियम केलाय. काम सुरू करताना दहा टक्के, त्याच्यावर नाही. मालाचे पैसे थेट दुकानात, बिल तुमच्या नावाने. पुढचे पैसे टप्प्याला, म्हणजे तोडफोड आणि पाइपलाइन झाली की इतके, पाण्याची टेस्ट पास झाली की इतके, फरशी झाली की इतके. तारखेला पैसे बांधू नका, टप्प्याला बांधा. आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभर राखून ठेवा, हे आधीच लिहून ठेवा म्हणजे त्यालाही धक्का बसत नाही. वाढीव काम निघालं, आणि जुन्या घरात निघतंच, तर ते करायच्या आधी भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

पण ताई, टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. हे मी हात जोडून सांगतो. ठेकेदाराला दर आठवड्याला माणसांची खर्ची द्यावी लागते, तुम्ही “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणालात की त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि तुमचं घर अर्धवट पडतं, मग लोक म्हणतात ठेकेदार पळाला. माझ्या वडिलांचे असे कितीतरी बंगल्यांचे शेवटचे हप्ते कोणी दिलेच नाहीत, सगळं काम झाल्यावर कुठेतरी एक डाग दाखवायचा आणि पैसे अडकवायचे. ज्याला वेळेवर पैसे मिळतात तो माणूस तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. माणसांना प्यायचं पाणी, दुपारी टेकायला जागा आणि एक संडास वापरायला द्या, एवढं तरी असावं.

वेळेचं गणित सणांवर बसवा. राजस्थान, यूपी, बिहारची माणसं होळी, दिवाळी, छटला गावी जातात, बंगालची पीओपीवाली पोरं पूजेला नाहीतर ईदला, कोकणातली गणपतीत. जायचं ते जाणारच, आणि जावंच. दसऱ्याला वास्तू करायचीय म्हणून श्रावणात काम सुरू केलं तर मधे गणपती येतात आणि मग शेवटच्या पंधरा दिवसांत ओल्या भिंतीवर पुट्टी मारली जाते. तुमच्या एवढ्या कामाला दोन-अडीच महिने धरा, आणि जो महिन्यात देतो म्हणतो त्याला विचारा की पाण्याच्या टेस्टला किती दिवस धरलेत.

सोसायटीची परवानगी आधी घ्या, डिपॉझिट, ठोकाठोकीची वेळ, रविवारी काम चालतं का, लिफ्टमधून माल न्यायचा का जिन्याने, हे ठेकेदाराला आधीच सांगा, नाहीतर जिन्याने माल चढवायचे पैसे नंतर निघतात. राडारोडा नदीपात्रात किंवा टेकडीवर टाकणाऱ्याला काम देऊ नका, कुठे टाकणार ते विचारा.

बिलाचं लोक विचारतात. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागतो आणि लहान ठेकेदाराची नोंदणीच नसते, ते समजू शकतो, पण मग निदान साध्या कागदावर कामाची यादी, रेट, टप्पे आणि दोघांच्या सह्या पाहिजेत, आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने. कारण खरंच फसवणूक झाली तर ग्राहक आयोगात जाता येतं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी पण नाही, आणि आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. पण तिथे कागद लागतो, रोख दिलेल्या पैशाचा पुरावा तुम्ही कुठून आणणार.

सध्या पाऊस चालू आहे आणि तुम्ही काम दिवाळीनंतर काढताय म्हणालात, ते बरंच आहे. या पावसातच एकदा फ्लॅटवर जा, सगळ्या भिंती बघा, कुठे ओल येते तिथे खडूने खूण करून फोटो काढा. मग खालच्या मजल्यावर जा, ओळख करून घ्या, त्यांच्या बाथरूमचं सीलिंग बघू द्या म्हणावं आणि त्याचेही फोटो काढा, तारखेसकट, म्हणजे उद्या कुठला डाग जुना आणि कुठला तुमच्या कामाने आलेला यावरून वाद नको. ते फोटो आणि ती यादी घेऊन मग त्या तिघांना परत बोलवा.